जाड तार की बारीक? गिटारचा ताण आधी ठरवा, सेट मग घ्या

तुझ्या प्रश्नाचं थेट उत्तर आधी देतो, कारणं नंतर. तुझ्या यामाहा एफ-३१० अकूस्टिकला फॉस्फर ब्राँझचा ११-५२ सेट लाव. मामांच्या इलेक्ट्रिकला निकेल-प्लेटेड स्टीलचा ९-४२. दोन्हींना एकच सेट लावू नकोस. आणि ‘तुटणार नाही’ या भरवशावर १३ चा जाड सेट अजिबात घेऊ नकोस. तुझी पहिली तार तुटते आहे त्याचं कारण तारेच्या जाडीत नाही.

तू जे विचारलंस ते थोडक्यात मांडतो, म्हणजे ज्यांची अडचण अशीच आहे त्यांनाही धागा सापडेल. तू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, वर्षभर अकूस्टिक वाजवते आहेस, आणि आता मामांची फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) या मॉडेलच्या धाटणीची जुनी इलेक्ट्रिक घरी आली आहे. अकूस्टिकची पहिली तार महिन्या-दीड महिन्यात तुटते. गावातल्या दुकानात सांगितलं, जाड घे, तुटणार नाही आणि आवाजही मोठा येईल. पुण्याची मैत्रीण म्हणते, १० घे, बोटं वाचतील. एफचा कॉर्ड अजून नीट लागत नाही. तारा दोन महिन्यांत काळ्या पडतात. आणि घर सोलापूरच्या पूर्व भागात, खालच्या मजल्यावर लूम, म्हणजे यंत्रमाग.

आकड्यांपासून सुरू करतो. ११-५२ याचा अर्थ सगळ्यात बारीक तार ०.०११ इंच आणि सगळ्यात जाड ०.०५२ इंच. मिलिमीटरमध्ये ११ म्हणजे ०.२८, १२ म्हणजे साधारण ०.३०, १० म्हणजे ०.२५ आणि ९ म्हणजे ०.२३. लूमवाल्या घरात इथे हमखास गफलत होते, कारण सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होतं आणि गिटारमध्ये आकडा वाढला की तार जाड होते. ‘अकराचा सेट’ म्हणतात तेव्हा तो आकडा पहिल्या तारेचा असतो, बाकीच्या पाच त्या हिशेबाने येतात. एकाच पहिल्या आकड्याचे दोन सेट पुढे वेगळे निघू शकतात, म्हणून पाकिटावर सहाही आकडे वाचायची सवय लाव. अकूस्टिकचा नेहमीचा १२-५३ सेट १२, १६, २४, ३२, ४२, ५३ असा असतो. इलेक्ट्रिकचा १०-४६ हा १०, १३, १७, २६, ३६, ४६ असा.

या आकड्यांकडे लोक दर्जा म्हणून बघतात. जाड म्हणजे मोठ्या वादकाची, बारीक म्हणजे शिकाऊ माणसाची, असा समज आहे आणि त्याने नव्या मुलांचं फार नुकसान होतं. तो आकडा ताणाचा आहे. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, वजन आणि ताण. फ्रान्समध्ये मर्सेनने हे नियम १६३६ मध्येच मांडून ठेवले आहेत. लांबी तुझ्या हातात नाही, ती गिटार बनवणाऱ्याने ठरवून दिली आहे: एफ-३१० वर नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (खाली ब्रिजवर तार टेकते ती पट्टी) ६३४ मिलिमीटर, स्ट्रॅट धाटणीवर ६४८. सूरही ठरलेला आहे, पहिली तार ‘ई’ म्हणजे सेकंदाला ३२९.६ कंपनं. उरलं वजन. ते तू सेट निवडून ठरवतेस आणि ताण त्याच्या मागून आपोआप येतो. साध्या पोलादी तारेत हा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १२ वरून ११ वर आलीस की पहिल्या तारेचा ताण १६ टक्के उतरतो, १० वरून ९ वर आलीस की १९ टक्के. इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक आहे, पण बोटाला तो लगेच कळतो.

सहा तारांची बेरीज केली की हे आणखी स्पष्ट होतं. १२-५३ चा अकूस्टिक सेट सुरात लावला की गिटारवर सुमारे ७३ किलोचा ओढा पडतो. १०-४७ ला तो ६० च्या आसपास, ११-५२ ला या दोघांच्या मधे, आणि दुकानात सुचवलेल्या १३-५६ ला ८० च्या वर. इलेक्ट्रिकला १०-४६ ने सुमारे ४७ किलो आणि ९-४२ ने ३९ च्या आत-बाहेर. हे वजन ब्रिजच्या गोंदावर, वरच्या पातळ फळीवर आणि नेकवर दिवसरात्र लटकलेलं असतं, गिटार खोलीत नुसती उभी असतानाही.

आता तुटण्याचं. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण जाड तार तुटत नाही हा समज दुकानातून घरात आणि घरातून क्लासमध्ये असा सगळीकडे पसरलेला आहे. जाड तारेला पोलाद जास्त असतं हे खरं, पण त्याच सुरात आणायला तिला तितकंच जास्त ताणावंही लागतं. पोलाद दुप्पट, तर ताणही दुप्पट. दर चौरस मिलिमीटरवर पडणारा भार तोच राहतो. एकाच पोलादाची ९ ची तार आणि १३ ची तार एकाच गिटारवर ‘ई’ला लावली, तर दोघी तुटण्याच्या मर्यादेपासून सारख्याच अंतरावर असतात, आणि हे अंतर चांगलं मोठं असतं. ६४८ मिलिमीटरच्या गिटारवर पहिली तार ‘ई’ला लावली की आपल्या ताकदीच्या साधारण निम्म्यावर उभी असते. त्यामुळे नवी तार महिन्याभरात तुटते तेव्हा तिला कुठेतरी काहीतरी कापत असतं, किंवा कुणीतरी तिला सुराच्या बरंच पुढे ताणत असतं.

म्हणून पुढच्या वेळी तार तुटली की फेकून देऊ नकोस. कुठे तुटली ते बघ. सॅडलवर तुटली असेल तर सॅडलच्या माथ्यावर जुन्या तारेने पाडलेली धारदार खाच असणार. नटजवळ तुटली तर खाच अरुंद असेल आणि तार तिथे अडकत असेल. अशा वेळी सूर लावताना ‘टिक्’ असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो. कीच्या, म्हणजे सूर लावायच्या खुंटीच्या, खांबाजवळ तुटली तर भोकाच्या काठाला कंगोरा असेल, किंवा तार गुंडाळताना तिथे मुरड पडली असेल. बॉलच्या, म्हणजे तळाच्या गोळीच्या बाजूला, जिथे तार स्वतःभोवती पिळलेली असते तिथे तुटली, तर ब्रिज पिन (तार ब्रिजमध्ये अडकवून धरणारी खुंटी) नीट बसलेली नाही आणि तो पीळ वर सॅडलवर आलेला आहे. धातूवरचा कंगोरा ८०० किंवा १००० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन-चार हलके हात मारले की जातो. नटच्या खाचेत शिसपेन्सिलीचं टोक फिरव, ग्राफाइटने तार सरकती राहते. सॅडलची खाच मात्र घाईत घासू नकोस, तिथे जास्त गेलं तर तार फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) लागून खरखरायला लागते.

सुराच्या पुढे ताणण्याचं कारणही खूप वेळा दिसतं. मोबाइलवरचं ट्यूनर अ‍ॅप फक्त ‘ई’ हे अक्षर दाखवतं, आणि तार ‘ई’च्या वर गेली आहे हे लक्षात न येता मुलं ती आणखी वर नेत राहतात. तीन अर्धस्वर पुढे गेलं की ताण ४१ टक्क्यांनी वाढतो. नवी तार लावताना पाचव्या फ्रेटवर दुसरी तार दाबून तिच्या सुराशी पहिली ताडून बघ. कानाने एकदा जवळ आणलीस की मग अ‍ॅप उघड.

अकूस्टिकला मी ११-५२ का म्हणतो? एफ-३१० मजबूत बांध्याची गिटार आहे, ती १२-५३ सहज पेलते, आणि जोरदार स्ट्रमिंग करणाऱ्याला मी तोच सेट देईन. जाड तारेत वजन जास्त, त्यामुळे ती फळीला जास्त जोराने हलवते, आवाजाला भरीवपणा येतो. दुकानदाराचं हे म्हणणं चुकीचं नाही. पण तू अजून बार कॉर्डवर, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या एफसारख्या कॉर्डवर, अडखळते आहेस. ज्या सेटवर हात रोज तासभर टिकतो तोच आज तुझ्यासाठी चांगला. १०-४७ बोटांना आणखी हलका पडेल, पण या आकाराच्या गिटारवर त्याचा आवाज पातळ येतो आणि उजवा हात जोरात पडला की तारा फ्रेटवर आपटतात. म्हणून मधला. सहा-आठ महिन्यांनी हात तयार झाला की १२ लावून बघ, आवडला तर तिथेच राहा.

पैसे खर्च करण्याआधी घरी एक गोष्ट करून बघता येते. आहेत त्याच तारा सगळ्या अर्ध्या स्वराने खाली उतरव आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लाव. सूर मूळचाच राहतो, पण ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. एक आकडा हलका सेट लावल्यावर हाताला काय वाटेल याचा बराचसा अंदाज तेवढ्यात येतो.

एफच्या कॉर्डबद्दल मात्र सगळा दोष तारांवर टाकू नकोस. कॅपो काढून सूर परत मूळ जागी आण, आणि तोच कॉर्ड दोन फ्रेट पुढे, तिसऱ्या फ्रेटवर लावून बघ. तिथे तो एकदम सोपा वाटला, तर तुझी अडचण नटची आहे. नटच्या खाचा उथळ राहिल्या की तारा पहिल्या फ्रेटपाशी उंच राहतात आणि नेमका एफ त्यात सापडतो. तपासायची रीत सोपी: तार तिसऱ्या फ्रेटवर दाब आणि पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर किती फट उरते ते बघ. केसाएवढी हवी. त्यातून पोस्टकार्ड सहज सरकलं तर खाचा उतरवून घ्यायला हव्यात. हे काम तारेच्याच मापाच्या बारीक कानशीने होतं, घरातल्या करवतीच्या पात्याने करायचं नाही. माझ्याकडे ‘बोटं दुखतात’ म्हणून येणाऱ्या नव्या गिटारींपैकी बऱ्याच एवढ्या एका दुरुस्तीने सुधारतात, सेट बदलावाही लागत नाही.

ज्यांच्याकडे बाजारात मिळणाऱ्या ३८-३९ इंची स्वस्त गिटारी आहेत त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. आधी नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक सांभाळणारा धातूचा दांडा, आहे का बघा. साउंड होलमधून आत नेकच्या बुडाशी किंवा हेडस्टॉकवरच्या छोट्या झाकणाखाली षट्कोनी चावीची जागा दिसते. ती नसेल तर १०-४७ च्या वर जाऊ नका. आणि ज्या गिटारवर नायलॉनच्या तारा आहेत, ज्यांच्या तळाला गोळी नसून ब्रिजवर गाठ मारलेली आहे, ती क्लासिकल गिटार. तिला स्टीलच्या तारा कधीही लावू नका. नायलॉनचा पूर्ण सेट ४० किलोच्या आसपास ओढतो आणि तिची फळी तेवढ्याच हिशेबाने पातळ ठेवलेली असते. त्यावर ७० किलो चढवले की ब्रिज उचकटतो, सोबत फळीच्या लाकडाचा पापुद्राही घेऊन येतो. मुलांच्या गिटारींचं असं झालेलं बघून मला खरोखर वाईट वाटतं, कारण ‘स्टील लावलं की आवाज मोठा’ असं सांगून कुणीतरी ते करून दिलेलं असतं.

आता एकच सेट दोन्हींना का चालत नाही ते. अकूस्टिकचा आवाज लाकडातून येतो. तारेचं कंपन सॅडलवरून ब्रिजला आणि तिथून फळीला जातं, फळी हवा हलवते. तिथे तारेने फळीला किती जोर दिला आणि तिचा बाज कसा आहे एवढंच महत्त्वाचं, म्हणून जाड तारांच्या पोलादी गाभ्यावर गुंडाळलेलं वेटोळं तांब्याच्या मिश्रधातूचं असलं तरी चालतं. इलेक्ट्रिकमध्ये पिकअप ऐकतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती हजारो वेढ्यांची केसाहून बारीक तांब्याची तार. वरची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि त्या वेढ्यांत वीज उमटते. तांबं, जस्त, कथील यांचा चुंबकाला पत्ताच लागत नाही. ब्राँझचा सेट इलेक्ट्रिकला लावला की पिकअपला वेटोळ्याच्या तारांमधला फक्त गाभा दिसतो. पहिल्या दोन साध्या तारा ओरडतात, खालच्या चार दबून जातात. अ‍ॅम्प्लिफायरवर काहीही केलं तरी तो तोल सावरत नाही.

उलटं केलं, म्हणजे इलेक्ट्रिकचा सेट अकूस्टिकला लावला, तर मोडत काही नाही. पण आवाज कोरडा येतो आणि तिसरी तार त्रास देते. अकूस्टिकच्या सेटमध्ये तिसरी ‘जी’ वेटोळ्याची असते, इलेक्ट्रिकच्या हलक्या सेटमध्ये साधी. अकूस्टिकच्या सॅडलचा तिरपेपणा वेटोळ्याच्या जीसाठी बेतलेला असतो. साधी लावलीस की मोकळी सुरात आणि वरच्या फ्रेटवर चढी, कणसूर. इलेक्ट्रिकमध्येही एके काळी जी वेटोळ्याचीच येत असे, आणि तार ओढून सूर चढवणारे वादक तिच्या जागी बँजोची साधी तार शोधून लावत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात अर्नी बॉल यांनी हलक्या तारांचे तयार सेट विकायला आणले, तेव्हापासून साधी जी रूढ झाली. आज आपण ज्याला इलेक्ट्रिकचं बेंडिंग म्हणतो ते हाताला सोपं झालं त्यात त्या एका तारेचा मोठा वाटा आहे.

अकूस्टिकमध्ये ब्राँझ दोन प्रकारचं. एटी-ट्वेंटी म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त: पहिले काही दिवस झळझळीत, खणखणीत, मग लवकर मालवतं. फॉस्फर ब्राँझमध्ये सुमारे ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील आणि किंचित फॉस्फरस असतो. डी’अडारिओने ते १९७४ मध्ये गिटारच्या तारांत आणलं. त्याचा आवाज थोडा गोल, उबदार, आणि तो जास्त दिवस तसाच राहतो. गाण्याच्या साथीला मला फॉस्फर ब्राँझच आवडतं, कारण ते गाणाऱ्याच्या आवाजावर चढत नाही. तुला तारा लवकर बदलणं परवडत नसेल तर त्याच कारणाने तुझ्यासाठीही तेच.

इलेक्ट्रिकचं काम सोपं आहे. निकेल-प्लेटेड स्टील घे, सुरुवातीला दुसऱ्या कशाचा विचार नको. शुद्ध निकेल जरा मऊ बोलतं, स्टेनलेस स्टील टोकदार बोलतं पण फ्रेट लवकर झिजवतं. ज्यांच्या त्वचेला निकेलची खाज येते त्यांना मात्र स्टेनलेस उपयोगाचं. फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीच्या वेटोळ्याची गुळगुळीत तार, हा जाझचा बाज. बोट सरकल्याचा आवाज येत नाही, पण आवाज मिटलेला असतो. फेंडर आपल्या स्ट्रॅटना ९-४२ लावून देते, गिब्सन आपल्या नेहमीच्या गिटारींना १०-४६, आणि त्यामागे कारण आहे. गिब्सनची लांबी ६२८ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे तीच तार तिथे सुमारे सहा टक्के सैल वाटते. तुझी स्ट्रॅट धाटणीची, म्हणून ९-४२. अकूस्टिकवर घट्ट दाबायची सवय असलेल्या हाताला पहिल्या आठवड्यात ९ ची तार फारच मऊ वाटेल. जोरात दाबलीस तर कॉर्ड बेसूर होईल, कारण बारीक तार दाबाने सुद्धा सूर चढवते. हात हलका करायला शिक, हे शिकणं अकूस्टिकवरही कामी येतं.

मामांच्या गिटारवर आत्ता कोणता सेट आहे हे ठाऊक नाही म्हणालीस. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वडिलांची कुणा टर्नरशी ओळख असेलच. त्याच्याकडच्या मायक्रोमीटरने पहिली आणि सहावी तार मोजून घे. ०.२३ आणि १.०७ आलं तर ९-४२, ०.२५ आणि १.१७ आलं तर १०-४६. हे आधी कळायला हवं, कारण त्या गिटारला मागे स्प्रिंगवर तोललेला ट्रेमोलो ब्रिज असणार. एका बाजूला तारांचा ओढा, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांचा. १० काढून ९ लावलेस की ओढा सुमारे आठ किलोंनी घटतो, स्प्रिंगा जिंकतात आणि ब्रिज मागे बसतो. तारा खाली येऊन खरखरतात. मागचं झाकण उघडून स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे, पुन्हा सूर लावायचा, पुन्हा बघायचं. दोन-तीनदा करावं लागतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

गंजण्याबद्दल. सोलापूरची हवा वर्षातले बहुतेक महिने कोरडी. समुद्रकाठच्या गावात तारा हवेनेच खराब होतात, आपल्याकडे त्या घामाने होतात. मार्च ते मे पारा चाळिशीच्या आसपास असतो, पंख्याखालीही बोटं ओली असतात आणि घामातलं मीठ वेटोळ्यांच्या खाचांत जाऊन बसतं. त्यात तुझ्या घरी खाली लूम, हवेत सुताचे बारीक तंतू. ते त्या ओलाव्याला चिकटतात आणि वेटोळ्यांत अक्षरशः गच्च भरतात. आवाज बद्द होतो तो गंजाइतकाच या भरण्याने. उपाय साधाच आहे. वाजवण्याआधी हात साबणाने धू, विशेषतः शेंगा चटणी-भाकरी खाऊन उठली असशील तर, कारण ते तेल बोटांच्या रेषांतून सहज निघत नाही. वाजवून झाल्यावर टॉवेलची कोरडी कतरण (ती तुमच्याकडे कमी नसेल) तारेखालून घालून प्रत्येक तार चिमटीत पुसून काढ, वरून आणि खालून. मग गिटार कव्हरमध्ये. खोबरेल तेल लावू नकोस. आपल्याकडे हे बरेच जण करतात. तार दोन दिवस चमकते आणि मग तंतू, धूळ, मळ सगळं त्या तेलात लडबडतं.

एवढं करूनही दोन महिन्यांत तारा काळ्या पडत असतील तर तुझा घाम तारांना जास्त बाधणारा आहे. काहींचा असतो. मग कोटेड तारा बघ: तारेवर अतिशय पातळ पॉलिमरचं आवरण असतं, घाम वेटोळ्यात शिरत नाही. किंमत साध्या सेटच्या दुप्पट-तिप्पट पडते, पण त्या तितक्याच पटीने टिकल्या की हिशेब जुळतो. हाताला जरा निसरड्या लागतात आणि पहिल्या दिवसाची चमक साध्या तारेपेक्षा थोडी कमी. ज्यांचे हात कोरडे आहेत त्यांनी यावर पैसे घालायची गरज नाही, साधा सेट घेऊन वेळेवर बदलावा.

उन्हाळ्याचं आणखी एक. तापमान दहा अंशांनी चढलं की पोलादी तार कानाला कळेल इतकी उतरते. थंड हॉलमध्ये सूर लावून बाहेर उघड्या मंडपात वाजवायला बसणार असशील तर पंधरा-वीस मिनिटं आधी गिटार त्या हवेत काढून ठेव आणि मग सूर लाव. उन्हात उभ्या बंद गाडीत गिटार कधीच ठेवू नकोस, तिथे ब्रिजचा गोंद मऊ होतो आणि तारांचा ओढा आपलं काम चालू ठेवतो.

विकत घेताना पाकीट बंद आहे ना ते बघ. गावात सुटी पहिली तार मिळते ती अडीअडचणीला बरी, पण बहुतेक वेळा तिचा आकडा विक्रेत्यालाही माहीत नसतो. ११ च्या सेटमध्ये ९ ची पहिली तार आली की ती बाकीच्यांत लुळी वाटते. त्यापेक्षा ११ च्या दोन तारा आकडा बघून आणून ठेव. नावाजलेल्या कंपन्यांची नकली पाकिटंही बाजारात फिरतात, दिसायला हुबेहूब. डी’अडारिओच्या पाकिटात एक कोड असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकला की असली-नकली कळतं. शिवाय त्यांच्या तळाच्या गोळ्या रंगीत असतात, पहिली चंदेरी, दुसरी जांभळी, तिसरी हिरवी, चौथी काळी, पाचवी लाल, सहावी पितळी. कोणती कंपनी घ्यावी यावर मी आग्रह धरणार नाही. डी’अडारिओ, अर्नी बॉल, एलिक्सिर, मार्टिन, यातलं खरं पाकीट मिळालं की पुढचा फरक आवडीचा. पुण्याला ‘हुतात्मा’ एक्सप्रेसने जाणं होतंच, तेव्हा वर्षाचे सेट एकदम आणलेस तरी चालेल. बंद पाकिटात तारा टिकतात.

बदलताना सगळ्या तारा एकदम कापू नकोस, एक काढ, एक लाव. ट्रेमोलोवर हे विशेष पाळ, नाहीतर ब्रिज एकदम मागे कोसळतो. कीच्या खांबावर बारीक तारेचे चार-पाच वेढे, जाड तारेचे दोन-तीन, एकावर एक न चढवता खाली उतरत जाणारे. लावून झाल्यावर प्रत्येक तार मधोमध धरून हलकी ओढ, पुन्हा सूर लाव, पुन्हा ओढ. सूर पडायचा थांबेपर्यंत. मग इलेक्ट्रिकवर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ताडून बघ. दाबलेला चढा निघाला तर त्या तारेचं सॅडल मागे न्यायचं, उतरता निघाला तर पुढे.

तारा लावल्यावर दोन-तीन दिवस दोन्ही गिटारी तशाच राहू दे. नेकला नवा ताण अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतो. मग सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाब आणि सातव्या फ्रेटवरची फट बघ. जाड कागद सरकेल एवढी असेल तर काही करू नकोस. फट अजिबात नसेल किंवा खूपच मोठी असेल तर ट्रस रॉड फिरवायला हवा. पहिल्यांदा तो एकटीने फिरवू नकोस, गिटार घेऊन ये. येताना तारा उतरवून आणू नकोस, सुरात लावलेल्याच आण, कारण नेकचा बाक तारांच्या ताणाखालीच मोजता येतो.